आरोग्याचा पाठ : ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं नाही



हा पाठ जरा मोठा आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा, पण सोडू नका. वाचता येणाऱ्या ताईने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी मध्ये मध्ये थांबवून विचारावं.

सुरुवात माझ्याच घरातून करते, कारण चूक माझीच होती.

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. माझ्या धाकट्या जावेच्या पायात धसकट घुसलं. तिने ते ओढून काढलं, हळद भरली, वर चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. दुकानातून गोळी आणली. चौथ्या दिवशी सकाळी अंगाला हात लावला तर गार. मी म्हटलं, "चला, ताप उतरला." सासूबाईंनीही देवापुढे साखर ठेवली.

दुपारी आशाताई दुसऱ्या कामाला आल्या होत्या. त्यांनी जावेकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "वहिनी, घड्याळ आणा." त्यांनी पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. २८ भरले. मग विचारलं, "हिला लघवीला कधी झाली?" आम्हा कोणालाच सांगता येईना. जाऊ मला तिच्या आईच्या नावाने हाक मारत होती. आम्हाला वाटलं होतं, ग्लानी आहे, झोपेल. आशाताईंनी तिथूनच १०८ ला फोन लावला.

जाऊ वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती, पायाचं एक बोट गेलं, पण वाचली. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मी तिथल्या सिस्टरला विचारलं. त्यांनी वेळ काढून समजावलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे, नंतर प्रशिक्षणात जे शिकले त्याची भर घालून.

शरीरात नेमकं होतं काय?

गावात एका घरी चोर शिरला असं समजा. त्या घरातल्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून त्याला पकडलं तर प्रश्न मिटतो. जखमेच्या जागी लाली येते, सूज येते, ठणका लागतो, ते असंच असतं. शरीराचे राखणदार तिथे जंतूंशी लढत असतात. याला दाह म्हणतात. हा दाह गरजेचा आहे.

पण कधी कधी आरडाओरड इतकी होते की अख्खं गाव अंधारात काठ्या घेऊन धावतं. चोर कोण, आपला कोण, कळत नाही. आपलीच माणसं आपल्याच माणसांना मारतात. शरीरातही तसंच होतं. एका जागेचा दाह अंगभर पसरतो. या अवस्थेला डॉक्टर सिस्टिमिक इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात एसआयआरएस. सरळ मराठीत, अंगभर भडकलेला दाह.

हा दाह जंतूंमुळे भडकला आणि त्यात किडनी, फुप्फुस, मेंदू असे अवयव बिघडायला लागले, की त्याला सेप्सिस म्हणतात. आपल्याकडे "रक्तात विष पसरलं" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता दुसरं उदाहरण, ठिबकचं. ठिबकच्या नळीला जागोजागी भोकं पडली तर काय होतं? मोटर जोरात चालते, पण नळीत दाब राहत नाही आणि शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. अंगभर दाह पसरला की रक्ताच्या बारीक नळ्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात. हृदय मोटरीसारखं जोरात धडधडतं, तरी बीपी उतरतो. शेवटच्या ओळी सुकतात. किडनीला रक्त कमी पडलं की लघवी कमी होते. मेंदूला कमी पडलं की माणूस बरळतं. हातपाय गार पडतात. याच्या पुढची पायरी म्हणजे शॉक.

माझी जाऊ गार पडली होती ती ताप उतरला म्हणून नाही. शरीर हरायला लागलं होतं म्हणून.

डॉक्टर बघतात त्या चार खुणा

१९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञ डॉक्टरांनी एकत्र बसून या चार खुणा ठरवल्या. मोठ्या माणसात यातल्या दोन किंवा जास्त असल्या तर एसआयआरएस धरायचं.

१. अंगाचा ताप १००.४ फॅरनहाइटपेक्षा जास्त, किंवा ९६.८ पेक्षा कमी. कमीसुद्धा, हे लक्षात ठेवा.

२. नाडीचे ठोके मिनिटाला ९० पेक्षा जास्त.

३. श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त.

४. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी १२,००० पेक्षा जास्त, किंवा ४,००० पेक्षा कमी.

पहिल्या तीन खुणा घरी मोजता येतात. त्याला एक थर्मामीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, नाहीतर श्वास बदलतो. छाती किंवा पोट वर गेलं की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा. मोजायच्या आधी पेशंट पाच मिनिटं शांत पडलेला असावा. पाण्याची घागर आणून टेकलेल्या बाईचे ठोके तर वाढलेलेच असणार.

एक गोष्ट समजून घ्या. साध्या तापातही दोन खुणा दिसू शकतात. दोन खुणा दिसल्या म्हणजे माणूस मरणार, असं मुळीच नाही. म्हणून २०१६ पासून डॉक्टर सेप्सिस ठरवताना अवयव बिघडतोय का, यावर जास्त भर देतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा, की पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही:

• माणूस बरळतो, ओळखत नाही, हाक मारली तरी उठत नाही
• श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, बोलताना धाप लागते
• अर्धा दिवस लघवी झाली नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद झाली
• हातपाय गार, ओठ निळसर, कातडीवर चट्टे
• उठून बसवलं की भोवळ येते
• जखमेची लाली तासातासाला वर सरकते, किंवा दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतं

जंतू नसतानाही होतं

हा दाह फक्त जंतूंमुळेच भडकतो असं नाही. मोठं भाजणं, अपघातातली मोठी मोडतोड, मोठं ऑपरेशन, स्वादुपिंडाला आलेली सूज, यांतही तेच होतं. स्वादुपिंडाची सूज पित्ताशयातल्या खड्यांमुळे किंवा दारूमुळे येते. वरच्या पोटात जोराची कळ येते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत.

हे सांगायचं कारण असं, की जंतू नसेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. तिथे सलाईन, दुखणं कमी करणारं औषध आणि मूळ कारणावर इलाज, हाच उपचार. म्हणून "भारी इंजेक्शन द्या" असा हट्ट डॉक्टरकडे धरू नये. आधी कारण शोधू द्यावं.

धोका कोणाला जास्त?

बाळंतीण आणि गर्भपात झालेली बाई. बाळंतपणानंतरचे ४२ दिवस जपायचे. ताप, ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, सिझरच्या टाक्यांतून पू, यातलं काहीही दिसलं तर "बाळंतिणीला होतंच असं" म्हणू नका.

नवजात बाळ. बाळाला ताप येईलच असं नाही. दूध ओढणं बंद होतं, अंग गार किंवा गरम लागतं, बाळ मलूल पडतं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त होतात, छाती आत ओढली जाते. वरच्या चार खुणांचे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, ते बाळाला लावू नका.

म्हातारी माणसं. त्यांना कधी कधी ताप येतच नाही. अचानक बरळायला लागणं किंवा जेवण सोडणं, एवढीच खूण असते.

साखरेचा आजार, सिकलसेल, किडनीचा आजार असलेले, कॅन्सरची औषधं चालू असलेले, आणि नुकतंच ऑपरेशन झालेले.

दवाखान्यात काय करतात आणि का?

आम्ही दवाखान्यात बसलो तेव्हा सासरे चिडले होते. "नुसतं रक्त काढतात आणि बाटल्या लावतात, इलाज कधी करणार?" खरं म्हणजे तोच इलाज होता. एकेक पायरी बघू.

पहिली पायरी, मोजमाप. ताप, नाडी, श्वास, बीपी, बोटाला लावायच्या चिमट्याने ऑक्सिजन. कमी असेल तर ऑक्सिजन लावतात.

दुसरी, रक्ताच्या तपासण्या. पेशी, साखर, किडनी आणि लिव्हरचं काम. सोय असेल तिथे लॅक्टेट नावाची तपासणी करतात. शरीराच्या कोपऱ्यांत रक्त पोचतंय का, हे तिच्यावरून कळतं. कल्चरसाठी वेगळ्या बाटलीत रक्त घेतात, म्हणजे कोणता जंतू आहे हे पुढे कळतं. हे रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं असतं, पण त्यासाठी औषध लांबवायचं नसतं.

तिसरी, अँटिबायोटिक शिरेतून. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर पहिल्या तासाभरात. जंतू कोणता ते अजून माहीत नसतं, म्हणून सुरुवातीला बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालेल असं औषध देतात. दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला की औषध बदलतात. तेव्हा "आधी चुकीचं औषध दिलं" असा समज करून घेऊ नका.

चौथी, सलाईन. बीपी उतरला असेल तर पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली. म्हणजे ५० किलोच्या बाईला १,५०० मिली, अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर जपून देतात. म्हणून असा आजार असेल तर आधीच सांगा.

पाचवी, बीपी वाढवणारं औषध. सलाईनने भागलं नाही तर नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं औषध लहानशा पंपातून थेंबथेंब देतात. ठिबकच्या सैल नळ्या आवळल्यासारखं ते काम करतं. याला सतत लक्ष लागतं, म्हणून बहुतेक वेळा आयसीयूमध्ये हलवतात.

सहावी, मुळावर घाव. पू साठला असेल तर काढायचा, सडलेला भाग कापायचा, पोटात वार राहिली असेल तर काढायची. हे झाल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही. जावेच्या बोटाचं ऑपरेशन यासाठीच झालं. सही करताना दिराचा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, "बोट ठेवलं तर पाय जाईल, पाय ठेवला तर जीव जाईल."

सातवी, लघवीचा हिशोब. नळी घालून तासाला किती लघवी होते ते लिहितात. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिली व्हायला हवी. लघवी वाढली तर समजा, शेवटच्या ओळीला पाणी पोचायला लागलं.

काही पेशंटना यापुढे श्वासाचं मशीन किंवा डायलिसिस लागतं. ते लावलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. अवयवांना सावरायला वेळ मिळावा म्हणून ते असतं.

आपण नातेवाइकांनी काय करायचं?

पोचल्या पोचल्या पाच गोष्टी सांगा: त्रास कधी सुरू झाला, कोणत्या गोळ्या दिल्या (पाकीट सोबत न्या), कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, आधीचे आजार कोणते, आणि शेवटची लघवी कधी झाली. बाई असेल तर पाळी चुकली आहे का, हेही न लाजता सांगा.

मग हे विचारा: "डॉक्टर, हे सेप्सिस असू शकतं का? जंतू कुठून आला असेल? इथे इलाज होईल की पुढे न्यावं लागेल?" असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. पुढे न्यायला सांगितलं तर चिठ्ठी घ्या आणि कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते तिच्यावर लिहून मागा.

गुंगीत असलेल्या पेशंटला पाणी किंवा चहा पाजू नका, तो फुप्फुसात जातो. पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात धुवा. "बरं वाटतंय" म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेण्याचा हट्ट नको. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

पैशांचं म्हणाल तर १०८ ची गाडी फुकट असते. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा आणि हा आजार योजनेत कसा बसेल ते विचारा. बिल भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर

जाऊ घरी आली आणि तीन महिने तिला घागर उचलवत नव्हती. केस गळाले, विसरायला लागली, रात्री दचकून उठायची. सासूबाई म्हणायच्या, "आळस चढलाय." आळस नव्हता तो. मोठ्या सेप्सिसनंतर असं बऱ्याच जणांना होतं आणि सावरायला आठवडे नाही, कधी कधी महिने लागतात. अशा ताईला गटाने बैठकीत गैरहजेरीचा दंड लावू नये.

होऊच नये म्हणून

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायची. हळद, राख, शेण, तंबाखू काही भरायचं नाही. स्वच्छ कापड बांधायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. शेतात अनवाणी जायचं नाही. साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघायचे. मेडिकलमधून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून खाणं बंद करायचं. त्याने जंतू निर्ढावतात आणि खरी वेळ येते तेव्हा औषध लागू पडत नाही.

"आपण अडाणी बाया काय मोजणार?" असं एक ताई प्रशिक्षणात म्हणाली होती. तिला सांगितलेलं तुम्हालाही सांगते. १९९० च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासलं, जंतूदोषाच्या खुणा ओळखल्या आणि औषधही दिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातल्या बाळांचे मृत्यू, निम्म्याहून कमी झाले. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ तपासतात, त्याची मुळं तिथे आहेत.

गटासाठी ठराव

शेवटची गोष्ट सांगायला जड जातं. त्या दुपारी गाडी यायच्या आधी मी पैसे शोधत होते. मी गटाची सचिव. गटात पैसे होते. पण ‘बैठकीशिवाय कर्ज नाही’ हा नियम मी माझ्याच हाताने वहीत लिहिला होता, आणि बैठक शनिवारी. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "नियम मोडला तर उद्या सगळ्याच मागतील." त्यांचंही खरं होतं. शेवटी शेजारणीने कोंबड्या विकून आलेले पैसे हातात ठेवले.

नंतर आम्ही नियम मोडला नाही, बदलला. तुम्हीही पुढच्या बैठकीत यावर बोला:

१. दवाखान्याच्या तातडीसाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवायची. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींनी हो म्हटलं की त्याच वेळी द्यायची आणि पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची.

२. रक्कम मोठी लागली तर ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून कशी मिळेल, ते आधीच विचारून ठेवायचं.

३. गटाचा एक थर्मामीटर घ्यायचा. तो कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

४. आशाताई, आरोग्य केंद्र, १०८ आणि १०२ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे.

५. प्रत्येकीने शेजारणीचे श्वास एक मिनिट मोजून बघायचे. बैठकीतच. हसू येईल, येऊ द्या.

चर्चेसाठी प्रश्न

• तापाने फणफणलेला माणूस अचानक गार पडला तर त्याचे दोन अर्थ कोणते? कोणता खरा, हे कसं ओळखाल?
• आपल्या गावात रात्री दोन वाजता पेशंट न्यायचा झाला तर पहिला फोन कोणाला?
• आपल्या घरातल्या आजारी माणसाला आज लघवी किती वेळा झाली, हे आपल्याला माहीत असतं का?

माझी जाऊ आता बैठकीला येते. चप्पल घालून शेतात जाते आणि अनवाणी दिसेल तिला रागावते. हा पाठ छापायच्या आधी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाई, माझं नाव घालू नका, पण श्वास मोजायचं मोठ्या अक्षरात छापा."

म्हणून पुन्हा एकदा सांगते. श्वास मोजा, लघवी विचारा, बरळणं ओळखा आणि वाट बघू नका.